गणपत पाटील: नाच्यानं मोठं केलं की अडकवून ठेवलं?

निपाणीवाला
आपल्याकडं गणपतीत वग, म्हणजे तमाशातलं नाटक, बसवला की नाच्या, म्हणजे बाईसारखा लचकणारा विनोदी पुरुष, करणारा पोरगा हमखास गणपत पाटलांचीच नक्कल मारतो. मान तिरकी, हात कमरेवर, मधेच टाळी. पण हे कुणाचं, असं विचारा, निम्म्यांना नाव येत नाही. कोल्हापूरचा हा नट, 'केला इशारा जाता जाता'सारख्या (1965) तमाशापटांत परत परत तेच काम करत राहिला. पडद्यावरचं लोकांनी खरं धरलं, घरच्यांनाही त्याची झळ बसली. 2008 साली ते गेले, शिक्का तसाच राहिला. निर्मात्यांनी एका चांगल्या नटाचं वाटोळं केलं, हे माझं मत.

खानापूरकर
वाटोळं कसलं? दुय्यम कामं करणाऱ्याला पुढच्या चित्रपटाची खात्री कुठं असते! यांना ती होती. आणि ते काम आयतं नव्हतं हो. तमाशातल्या गवळणीच्या प्रवेशातली मावशी धोतरावरच पदर घेते, गवळणींना मथुरेच्या बाजाराला घेऊन निघते आणि कृष्ण-पेंद्या वाट अडवतात तेव्हा भांडते. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, बतावणीत, म्हणजे वगाआधीच्या विनोदी संवादात, हजरजबाबीपणावर हशा घेतो. पाटलांचा नाच्या या दोघांच्या मधला. नुसतं लचकून ते जमत नाही.

निपाणीवाला
मग बालगंधर्वांना 1964 साली पद्मभूषण आणि यांना टिंगल, असं का? दोघंही पुरुष, दोघांचीही चाल बाईची. इकडच्या, उत्तर कर्नाटकातल्या श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्यातसुद्धा पुरुष स्त्रीपार्ट करत आले, त्यांना कोण हिणवतं?

गोकाकची प्रेक्षक
तुलना चुकायलीय. गंधर्वांकडं बघताना पुरुष विसरायचा असतो. नाच्याकडं बघताना तो विसरला की विनोदच संपला, कारण हशा पुरुष आणि बाईची चाल या दोन्हींच्या घर्षणातनं येतो. म्हणून गंधर्वांना दाद मिळाली आणि पाटलांना हसं. अन्याय आहेच, पण तो निर्मात्यांइतकाच आपला, बाकांवर बसणाऱ्यांचा.

खानापूरकर
पटलं. आता नक्कल करणाऱ्यांसाठी कामाचं सांगतो, कारण घोळ तिथंच होतो. पहिली चूक आवाजाची. सगळा संवाद वरच्या पट्टीत ओढला की बतावणीपर्यंत घसा बसतो आणि वगात शब्द फुटत नाही. नेहमीच्या आवाजात बोलायचं, वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द तेवढे उचलायचे. दुसरी, सतत हलणं. सोंगाड्या बोलत असताना नाच्या लचकला की लोकांची नजर तिकडं जाते आणि समोरच्याचा टोला वाया. त्या वेळी एक पाय ढिला सोडून गप्प उभं राहायचं. तिसरी ढोलकीची. टोला झाला की ढोलकीवाल्याला थाप द्यायला जागा ठेवायची, हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य. हशा पूर्ण थांबेपर्यंत थांबलात तर प्रवेश थंड पडतो. आणि कॉलर माइक असला तर टाळी छातीसमोर नको, बाजूला, नाहीतर स्पीकर फाटतो.

निपाणीवाला
हे सगळं मान्य, पण माझ्या मुद्द्याला उत्तर नाही. एवढं येणाऱ्या माणसाला पाटील, सावकार, बाप असली कामं मिळाली असती तर? 'नटरंग'मध्ये (2010) आधी पैलवान आणि मग नाच्या झालेला गुणा आपल्या बेळगावात जन्मलेल्या अतुल कुलकर्णींनी केला, वाहवा झाली. त्यांना पुढं कुणी नाच्याच समजलं का?

गोकाकची प्रेक्षक
नाही समजलं, कारण तिथं कथाच नाच्याची होती, त्याचं दुःख आत होतं. पाटलांच्या वाट्याला कथा नव्हती, दोन लावण्यांमधली जागा होती. तेवढ्या जागेत त्यांनी चेहरा लक्षात ठेवायला लावला.

खानापूरकर
आणि आत्मचरित्रही लिहिलं, 'रंग नटरंग'. वगाच्या तालमीआधी नाच्याच्या पोराला ते वाचायला द्या, व्हिडिओ नंतर दाखवा.

निपाणीवाला
वाचू दे की. मंडळानं पुढच्या वर्षी त्याच पोराला सावकाराचं काम दिलं तर मी मानेन.