‘विलगीकरण संपवा’ म्हटलं की कोरोना आठवतो

खडीसाखर:
बॉस्टनच्या शाळांवरचा मजकूर मराठीत आणतेय. शाळा समितीने काळी-गोरी मुलं जाणूनबुजून वेगळी ठेवली, असा निकाल न्यायाधीश गॅरिटी यांनी जून १९७४ मध्ये दिला. मग रॉक्सबरीची काळी मुलं बसने साउथ बॉस्टनला आणि तिथली गोरी रॉक्सबरीला जायची होती. मी लिहिलं, ‘विलगीकरण संपवण्याचा आदेश’. भाची म्हणाली, “मावशी, तेव्हाही कोरोना होता?”

अडकित्ता:
चांगला शब्द नासला. ‘पृथक्करण’ही नको, ते प्रयोगशाळेत गेलं. आमची आजी म्हणायची ‘पंक्तिभेद’. ‘शाळांतला पंक्तिभेद मोडला.’ मिटलं!

दोन_आणे:
पंक्तिभेदात मांडव एकच असतो हो, वाढप्याचा हात तेवढा आखडतो. इथे मांडवच दोन.

अडकित्ता:
मग ‘शिवाशिव’ घ्या.

खडीसाखर:
नको, वाचक थेट महाडला पोचेल. शिवाय खरी अडचण ‘बसिंग’ची आहे, म्हणजे मुलांना असं बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवण्याची. विरोधकांच्या तोंडी ‘फोर्स्ड बसिंग’ आणि ‘आपल्या वस्तीतली शाळा’. पोरं त्याआधीही बसने जात होतीच की! १२ सप्टेंबरला, पहिल्याच दिवशी, साउथ बॉस्टनमध्ये बसवर दगड पडले, काचा फुटून मुलं जखमी झाली. आता मी ‘सक्तीचा बसप्रवास’ लिहिलं तर दगड मारणाऱ्यांचीच भाषा झाली ना?

उंटावरचा_शहाणा:
‘बस’ आली ‘ओम्निबस’वरून. लॅटिनमध्ये अर्थ ‘सर्वांसाठी’!

दोन_आणे:
मी समजायचो, बसायला मिळतं म्हणून बस. मिळालं कधीच नाही, ते सोडा.

चार्ल्सकाठ:
बॉस्टनजवळच राहतो. शेजारच्या आजी अजून ‘बसिंगच्या आधी’, ‘बसिंगनंतर’ असंच बोलतात, आपण पानिपताचं बोलतो तसं. “बसिंग झालं नि आम्ही इकडे उपनगरात आलो.” सक्ती वगैरे काही जोडू नका, नुसतं ‘बसिंग’ ठेवा.

अडकित्ता:
सगळं तसंच ठेवायचं तर अनुवाद कशाला? उद्या ‘रोअर’ही ठेवाल.

खडीसाखर:
ठेवलंय. लुईस डे हिक्स यांच्या बसिंगविरोधी संघटनेच्या आद्याक्षरांचा शब्द तो. तळटीपेत ‘डरकाळी’ म्हटलंय.

अडकित्ता:
डरकाळीत ‘डर’ कुणाची? फोडतो वाघ, घाबरतो आपण.

उंटावरचा_शहाणा:
तो ‘डर’ वेगळा. आवाजावरून आलेला शब्द असणार, डराँव-डराँवसारखा.

खडीसाखर:
मंडळी, विलगीकरण?

दोन_आणे:
थांबा हो जरा. बेडूक आणि वाघ एकाच धातूचे?