अनुभव धागा: लहानग्यांच्या पोटातला गोळा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की बऱ्याच घरांत सकाळची पोटदुखीही सुरू होते. डॉक्टरांना काही सापडत नाही, पण मूल नाटक करत नसतं. धास्तीने पोट खरोखरच दुखतं. तुमच्या घरातल्या चिमुरड्यांची काळजी कशी ओळखलीत, काय केलंत, ते सविस्तर लिहा. मुलांची नावं मात्र नकोत.

सांगली, आई
२०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा लेक पहिलीत होती. पुढच्या पावसाळ्यात ढग भरून आले की ती दप्तरात बाहुली आणि रंगपेटी कोंबून दाराशी बसायची. ‘आयर्विनला किती फूट झालं?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं, दिवसभर हेच, रात्री झोपेतून उठूनही हेच. ‘काही होत नाही गं’ म्हटल्याने तिचं समाधान होईना, आणि का व्हावं? तिने होताना पाहिलं होतं.

मग तिला सगळं नीट सांगितलं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोयना धरणातून सोडलेलं पाणी इथे पोचायला बरेच तास लागतात, तेवढा वेळ आपल्या हातात असतो. तिला एक वही दिली. रोज सकाळी एकदाच आकडा लिहायचा. नंतर विचारलं की आम्ही म्हणायचो, ‘वहीत बघ.’ ४० झाले की मिरजेला मावशीकडे जायचं, हे ठरलेलं. पिशवीत काय घ्यायचं याची यादी तिचीच. २०२१ ला पाणी पुन्हा चढलं. ती रडली, पण रडत रडत यादीप्रमाणे पिशवी भरली.

नाशिक, बालवाडीची ताई
मूल खेळात रमलं की गुपचूप सटकू नका हो! दुसऱ्या दिवशी ते पदर सोडतच नाही. सांगून जा, निरोप छोटा ठेवा. ‘लवकर येते’पेक्षा ‘डबा खाऊन झाला की येते’ म्हणा. त्या वयात घड्याळ कळत नाही, डबा कळतो. आणि म्हटलंत तसं खरंच या.

दापोली, आजोबा
नातवाला अंधारात परसात जायची भीती. आधी हात धरून गेलो, मग मी पायरीवर थांबलो, मग ओटीवरून नुसता आवाज देत राहिलो. घाई केली नाही. भित्रा म्हणायचं नाही, ही घरात सगळ्यांना ताकीद.

न्यू जर्सी, बाबा
इथे शाळेत कोणी हल्लेखोर शिरला तर काय करायचं, याचा ‘लॉकडाऊन’ सराव असतो: दार बंद, दिवे बंद, कोपऱ्यात चिडीचूप. त्यानंतर मुलगा घरातही दारं लावत फिरू लागला. समजावण्याआधी त्यालाच विचारलं, नक्की कशाची भीती वाटते? म्हणाला, ‘तेव्हा शू आली तर?’ बाईंशी बोललो, त्यांनी त्याला उत्तर दिलं. दारं उघडी राहू लागली.

पुणे, आई
आमच्याकडे घरगुती उपाय पुरले नाहीत. लेकीचं जेवण तुटलं, शाळा बंद पडली, तेव्हा समुपदेशक गाठले. श्वास हळूहळू सोडायला त्यांनी साबणाच्या फुग्यांवर शिकवलं, तेही ती खुशीत असताना. घाबरलेल्या मुलाला त्या क्षणी नवीन काही शिकता येत नाही. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलतात. पहिला फोन आम्ही दोघांनीच केला होता, लेक शेजारी नसताना.