शांतता आणि संघर्ष अभ्यास: पदवीला मायनर म्हणून घेण्यात अर्थ आहे का?

उत्तरायण

मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय, निवडायची वेळ आली की या विषयाबद्दल विचारणा सुरू होते, आणि उत्तरं बहुतेक वेळा 'काळाची गरज आहे' किंवा 'नोकऱ्या कुठे आहेत त्यात' यापलीकडे जात नाहीत. विषय नवा नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मँचेस्टर कॉलेजात (आता विद्यापीठ) तो पदवीला 1948 पासून आहे, ऑस्लोची शांतता संशोधन संस्था 1959 ची, ब्रॅडफर्ड विद्यापीठातला विभाग 1973 चा. तेव्हा पाच-सहा पेपरांच्या मायनरमधून हाती नेमकं काय लागतं, त्यावर बोलू.

माझं मत: घ्यावा, पण अभ्यासक्रमपत्रिकेत तीन गोष्टी सापडल्या तरच. संशोधन पद्धतीचा असा पेपर हवा ज्यात विद्यार्थी स्वतः संघर्षाची आकडेवारी उघडून बसतो. वाटाघाटी किंवा मध्यस्थीचा सराव हवा, आणि त्याला गुण हवेत. आणि एकाच संघर्षावर पूर्ण सत्र हवं: ठिणगी, चिघळणं, करार, आणि करारानंतरची दहा वर्षं. हे नसून 'विषयाची ओळख', 'युद्धांचा इतिहास', 'मानवी हक्क', 'जागतिक संघटना' एवढंच असेल, तर चार विभागांचे पहिल्या वर्षाचे पेपर एकत्र बांधून दिलेत असं समजा.

त्यातही करारानंतरच्या वर्षांचा आग्रह धरा. सह्या झाल्या की बातम्या थांबतात आणि बरेच अभ्यासक्रमही तिथेच थांबतात. शस्त्रं कोण मोजणार, लढणारी माणसं उद्यापासून कशावर जगणार, पोलीस दलात भरती कोणाची होणार, बळकावलेली जमीन कोणाच्या नावावर चढणार, हे सगळं त्यानंतर सुरू होतं. करार मोडतात ते इथे.

रोखठोक

पूर्ण असहमत. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, कायदा, मानसशास्त्र यांतलं थोडं थोडं सहा पेपरांत घेतलं की कशातच पक्कं होत नाही. तेवढ्याच क्रेडिटमध्ये संख्याशास्त्र किंवा एखादी भाषा घ्या. कोलंबियावर काम करायचं तर स्पॅनिश हवी, सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातल्या देशांवर करायचं तर किमान फ्रेंच. भाषा नसली की विद्यार्थी आंतरराष्ट्रीय संस्थांचे इंग्रजी अहवाल वाचतो, आणि त्या अहवालांत स्थानिक वर्तमानपत्रं, गावसभा, न्यायालयांतली कागदपत्रं यांचा जेमतेम पुसट अंश उतरलेला असतो. संघर्षग्रस्त भागात मदतकार्य करणाऱ्या संस्था माणसं घेतात ती पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, हिशेब, मालवाहतूक यांसाठी. 'संघर्षाची जाण' हा गुण ते नंतर जोडून घेतात.

दुसरी अडचण विषयाच्या मुळाशी आहे. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी 1969 मध्ये रचनात्मक हिंसेची कल्पना मांडली: माणूस जे होऊ शकला असता आणि जे झाला, यातली टाळता येण्याजोगी दरी म्हणजे हिंसा. यात गरिबी, विषमता, वाईट दवाखाना, सगळंच येतं. मग मोजायचं काय आणि वगळायचं काय? अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग यांनी 1977 मध्ये याच मुद्द्यावर त्यांच्याशी जाहीर वाद घातला होता. गरिबीची कारणं आणि मारामारीची कारणं वेगळी असतात, दोन्हींना एकच नाव दिलं की दोन्हींचा उलगडा होत नाही, हा त्यांचा आक्षेप आजही बिनतोड आहे.

मोजमाप

रोखठोक, संख्याशास्त्राचा मायनर आकडे कसे वापरायचे ते शिकवतो. हा आकडा आला कुठून, हे तिथे कोणी विचारत नाही. या विषयात सगळा घोळ तिथेच होतो.

उदाहरण घ्या. बातमी अशी: 'डोंगराळ भागातल्या गावावर हल्ला, किमान 12 ठार, मृतांत काही बंदूकधारी.' स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संघर्ष-नोंदींत ही ओळ भरायची तर आधी विचारायचं, हल्लेखोर नाव असलेला संघटित गट आहे का? समोर सरकार होतं, दुसरा गट होता की निःशस्त्र नागरिक? त्यावरून नोंद तीनपैकी एका प्रकारात जाते. मग मृतांचे तीन अंदाज लिहायचे: कमीत कमी, सर्वांत विश्वासार्ह आणि जास्तीत जास्त. जागा आणि तारीख किती अचूक कळली, त्याचाही वेगळा अंक असतो, कारण 'डोंगराळ भाग' म्हणजे गाव की अख्खा जिल्हा, हे बातमीत नाही. वर्षभरात एका संघर्षात लढाईशी थेट संबंध असलेले 25 मृत्यू झाले तरच तो यादीत येतो, आणि 1000 झाले की त्याला युद्ध म्हणतात. 24 मृत्यूंचं वर्ष यादीत नाही, याचा अर्थ तिथे शांतता होती असा होत नाही. आलेखात मात्र तसंच दिसतं.

दुसरा मोठा संग्रह राजकीय हिंसाचाराच्या घटना नोंदवणाऱ्या संस्थेचा, म्हणजे अ‍ॅक्लेडचा. तो कोणी मेलं नाही अशा निदर्शनांचीही नोंद घेतो. विद्यार्थी दोन्ही संग्रह एकत्र करतात आणि एकच घटना दोनदा मोजली जाते. शिवाय अ‍ॅक्लेडची नोंद सगळ्या देशांसाठी एकाच वर्षी सुरू झालेली नाही. आफ्रिकेची 1997 पासून आहे, इतर भागांची बरीच नंतरची. हे न बघता जागतिक बेरीज काढली की हिंसाचार एकाएकी उसळल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात मोजणाऱ्यांनी नवे देश घेतलेले असतात.

चांगल्या पद्धती-पेपरात वीस बातम्या दोघांना वेगवेगळ्या भरायला देतात आणि मग जुळणी बघतात. कोहेनचा कप्पा, म्हणजे दोघांच्या नोंदी योगायोगापलीकडे किती जुळल्या ते सांगणारा अंक, 0.6 च्या खाली आला तर दोष बहुधा नियमावलीत असतो. ती पुन्हा लिहायची आणि नव्या वीस बातम्या घ्यायच्या. जुन्याच बातम्या पुन्हा भरल्या तर उत्तरं पाठ झालेली असतात आणि आकडा फुगतो.

रोखठोक

हा सराव उत्तम आहे, पण तो चार आठवड्यांत होतो. पुढचं काय? एरिका चेनोवेथ आणि मरिया स्टीफन या राज्यशास्त्रज्ञांच्या अभ्यासात 1900 ते 2006 मधली 323 आंदोलनं आहेत. अहिंसक 53 टक्के यशस्वी, हिंसक 26 टक्के. या विषयाचा प्रत्येक विद्यार्थी हे आकडे सांगतो. पण अहिंसेचा मार्ग कोण निवडतं, हे किती जण विचारतात? जिथे सरकार आधीच डळमळीत आहे आणि लोक मोठ्या संख्येने बाहेर पडायला तयार आहेत, तिथेच तो निवडला जात असेल, तर यशाचं श्रेय पद्धतीला किती आणि परिस्थितीला किती? शिवाय त्या यादीत सत्तापालट, परकी सत्ता हटवणं आणि फुटून निघणं अशी मोठी उद्दिष्टंच आहेत. वेतनवाढीच्या किंवा धरणाच्या आंदोलनाला तो आकडा लावता येत नाही. हे तपासायला निवडीचा पूर्वग्रह (selection bias), नियंत्रक चलं (control variables), प्रतिगमन (regression) यावर हात बसलेला हवा. एका पेपरात तो बसत नाही.

मध्यस्थ

आकड्यांवर बरंच झालं. सरावाच्या पेपराबद्दल सांगतो, कारण तो दुसऱ्या कुठल्याच मायनरमध्ये मिळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तो वाईट शिकवला जातो.

मूळ धडा मागणी आणि तिच्यामागची गरज वेगळी ओळखण्याचा. 1978 च्या कॅम्प डेव्हिड चर्चेत, इस्रायलच्या ताब्यात असलेल्या इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या नकाशावर कुठेही रेघ मारली तरी एक बाजू नाराज होत होती. इजिप्तला पूर्ण सार्वभौमत्व हवं होतं आणि इस्रायलला सुरक्षितता. सिनाई इजिप्तला परत, पण तिथे सैन्यावर कडक मर्यादा, असा मार्ग निघाला. 1979 मध्ये तह झाला आणि 1982 मध्ये माघार पूर्ण झाली.

वर्गात हे करायचं तर आठ जणांचा गट करा: प्रत्येक बाजूचे दोन, एक मध्यस्थ, एक निरीक्षक, आणि प्रत्येक बाजूच्या जनतेचा एकेक प्रतिनिधी, ज्याच्या होकाराशिवाय करार होत नाही. तयारीला 20 मिनिटं, चर्चेला 90, आणि नंतरच्या चिकित्सेला निदान तेवढाच वेळ. प्रतिनिधी हवेतच. ते नसले की पोरं अर्ध्या तासात समझोता करून मोकळी होतात, कारण कोणालाच परत जाऊन तोंड दाखवायचं नसतं. कोलंबियात 2 ऑक्टोबर 2016 च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी 50.2 टक्के लोकांनी सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यातला करार नाकारला, तो टेबलावर पूर्ण ठरलेला असूनही. मग दुरुस्त मसुदा लोकांसमोर पुन्हा न नेता संसदेतून मंजूर करून घ्यावा लागला.

मध्यस्थ झालेल्या विद्यार्थ्याची नेहमीची चूक म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत स्वतःचा तोडगा मांडणं. त्यानंतर दोन्ही बाजू एकमेकांशी बोलत नाहीत, त्याच्याशी घासाघीस करतात. निरीक्षकाने फक्त दोन रकाने भरावेत: प्रश्न किती विचारले आणि प्रस्ताव किती मांडले. चर्चा कुठे अडली ते त्यावरून बहुतेक वेळा सापडतं.

आणि कराराचं एक कलम शब्दशः वाचायला लावा. उत्तर आयर्लंडच्या 1998 च्या गुड फ्रायडे करारात निःशस्त्रीकरणाबद्दल पक्षांवर बंधन काय आहे? शस्त्रं खाली ठेवण्याचं नाही. सार्वमतानंतर दोन वर्षांत ते घडावं यासाठी 'आपला जो काही प्रभाव असेल तो' वापरण्याचं. या मोघमपणामुळे सह्या झाल्या. त्याच मोघमपणावरून फेब्रुवारी 2000 मध्ये तिथलं सरकार निलंबित झालं, आणि आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र गटाची शस्त्रं पूर्ण निकामी व्हायला सप्टेंबर 2005 उजाडला. असं कलम लिहावं की नाही, यावर वर्गात दोन तास भांडण होतं. व्हायलाच हवं.

साक्षी

एका गोष्टीवर मात्र मी रोखठोक यांच्या बाजूची आहे, माझं कारण वेगळं असलं तरी. ज्या मायनरच्या जाहिरातीत 'संघर्षग्रस्त भागाला भेट' आणि 'पीडितांशी संवाद' ठळक छापलंय, तो घेऊ नये. दहा दिवसांसाठी आलेल्या वीस वर्षांच्या मुलांसमोर माणसांनी आपला छळ पुन्हा का सांगायचा? सांगणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. धोका मात्र त्याच्या पदरी राहतो. फोनमध्ये ध्वनिमुद्रण, वहीत खरं नाव, फोटोत मागे दिसणारं घर, यातलं काहीही नाक्यावरच्या तपासणीत भलत्याच्या हाती पडू शकतं. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे काम झालं असं मानलं जातं, पण काही ठिकाणी ती सहीच पुरावा ठरते.

पदवीच्या पातळीवर याची गरजही नाही. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांवर दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या एप्रिल 1996 मध्ये सुरू झाल्या. त्यांची शब्दांकनं खुली आहेत. माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणाचं 1993 ते 2017 चं कामकाज आहे. एकच साक्ष घ्या. प्रश्न कोण विचारतंय, साक्षीदाराला कुठे अडवलंय, अनुवादकाने कुठे थांबवलंय, हे बघत वाचा. एका सत्राला तेवढं पुष्कळ आहे.

उत्तरायण

साक्षी, हे पूर्ण मान्य. रोखठोक, तुमचा निवडीच्या पूर्वग्रहाचा मुद्दाही रास्त आहे, पण त्यावरून मी वेगळ्या ठिकाणी पोचतो. मेजर संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, जलअभियांत्रिकी, सार्वजनिक आरोग्य किंवा पत्रकारिता असेल तर हा मायनर घ्यावा. पाण्याची टाकी कोणत्या वस्तीच्या बाजूला बांधली यावरून दोन वस्त्यांत काय होईल, हे अभियंत्याला माहीत हवं. मदतीने गावातली दुही वाढते की जोडणारे धागे, हे तपासायची पद्धत इथे शिकवतात. मेजर राज्यशास्त्र असेल तर घेऊ नये. निम्मे पेपर तेच निघतात, आणि दोन्हीकडे तेच क्रेडिट धरता येत नसतील तर अडचण शेवटच्या वर्षी कळते. त्यांनी तुमचं ऐकून भाषा घ्यावी.

रोखठोक

राज्यशास्त्रवाल्यांपुरतं जमलं. बाकीच्यांनाही मी भाषाच सांगेन, आणि ती पहिल्या वर्षापासून, कारण वर्तमानपत्र वाचण्याइतकी तयारी व्हायला तीन वर्षं सहज जातात. मायनर घ्यायचाच असेल तर शेवटच्या प्रकल्पाचा विषय तरी लहान ठेवा. 'अमुक देशातली शांतता प्रक्रिया' हा विषय मार्गदर्शकाने परत पाठवायला हवा.

मोजमाप

विषय लहान करायची सोय आहे. नोत्र दाम विद्यापीठाच्या क्रॉक संस्थेच्या करार-संग्रहात 34 सर्वंकष शांतता करार आहेत आणि 51 प्रकारच्या तरतुदी; कोणती तरतूद कोणत्या वर्षी किती अमलात आली, ते वर्षवार अंकांत दिलंय. एक करार घ्या, एक तरतूद घ्या, पहिली पाच वर्षं घ्या. त्यांचा अंक आधी न बघता मूळ कागदपत्रांवरून स्वतःचा अंक द्या, मग ताडून बघा. फरक आला तर प्रकल्प त्या फरकावर लिहा. आणि रोखठोक म्हणतात ती भाषा इथे लागतेच, कारण मूळ कागदपत्रं बहुतेक वेळा इंग्रजीत नसतात.