मदत हवी आहे: डीपी रस्ता अर्धवट, अवजड वाहने ले-आउटच्या रस्त्यावर, आदेश कोणाचा लागतो?

नमस्कार.

आमची सोसायटी महापालिका हद्दीच्या अगदी कडेला आहे. विकास आराखड्यात आमच्या मागून बारा मीटरचा डीपी रस्ता दाखवला आहे. तो दोन्ही टोकांकडून डांबरी झाला असला, तरी मधला पट्टा अजून खासगी मालकीचा असून तिथे पत्र्याचे कुंपण आहे. त्यामुळे खडीचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर कुंपणापाशी वळून आमच्या ले-आउटमधल्या सहा मीटरच्या रस्त्याने पलीकडे निघतात. शाळेची बस समोर आली की दोघांपैकी एकाला गटाराच्या झाकणांवर चढावे लागते, आणि त्यातली बरीच झाकणे आता फुटली आहेत.

पट्टा ताब्यात येऊन रस्ता पूर्ण व्हावा आणि तोपर्यंत आतल्या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी असावी, एवढीच आमची मागणी आहे. क्षेत्रीय कार्यालय म्हणते वाहतूक शाखेकडे जा. वाहतूक शाखा म्हणते रस्ता पालिकेचा, तिथे विचारा.

वाचनातून जे समजले ते मांडतो. आरक्षित जमीन मिळवण्याचे तीन मार्ग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ मध्ये आहेत: मालकाशी करार करून मोबदला देणे, मोबदल्याऐवजी एफएसआय (त्याच जागी जादा बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता वा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देणे, अथवा शासनाकडे भूसंपादनाचा प्रस्ताव पाठवणे, जे आता २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार होते. अंतिम आराखडा अमलात येऊन दहा वर्षे उलटली आणि जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना (जमीन ताब्यात घ्या, अशी नोटीस) देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. या पट्ट्याच्या मालकाने अशी सूचना दिल्याचे कानावर आले आहे, म्हणून घाई आहे.

वाहतुकीबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ११५ वाहनांवर बंदी वा निर्बंध घालण्याचा, ११६ वाहतूक चिन्हे उभारण्याचा आणि ११७ वाहनतळ व थांबे ठरवण्याचा अधिकार देते, असे दिसते. पुण्यातल्या वाहतूक आदेशांत या कलमांसोबत गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेचा दाखला असतो.

माझे प्रश्न असे. आमचा रस्ता अजून पालिकेकडे हस्तांतरित झालेला नाही. तरीही त्यावर कलम ११५ चा आदेश निघू शकतो का? महासभेने बंदीचा ठराव केला तर तो पुरेसा ठरेल का? महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा (रस्त्याच्या हद्दीची अधिकृत रेषा) आखून मधला पट्टा लवकर घेता येईल का? आणि काही सभासद स्वखर्चाने लोखंडी हाइट बॅरिअर (उंच वाहने अडवणारी आडवी कमान) बसवू म्हणतात, ते चालेल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

महापालिकेच्या पथ विभागात नोकरी झाली आहे, त्या आधारावर लिहितो.

बॅरिअरचा विचार आधी सोडा. अग्निशमन बंब अडकला तर जबाबदारी पदाधिकाऱ्यांवर येईल, आणि सोसायटीला तसा अधिकारही नाही. हस्तांतरणाची मात्र फार काळजी नको: मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २(३४) मधील ‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येत जनतेला जिथे प्रवेशाचा हक्क आहे असा रस्ता येतो, मग तो आरपार जाणारा असो वा नसो. त्या रस्त्याने डंपर राजरोस जातात, हा मुद्दा त्यासाठी अर्जात मांडा.

महासभेचा ठराव म्हणजे शिफारस. बंदी लागू होते ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशानेच. पोलीस आयुक्तालय असेल तर अर्ज पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्या नावे करा. बंदी एक महिन्यापुरतीच असेल तर राजपत्रातील अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते, अशी तरतूद कलम ११५ मध्येच आहे. म्हणून आधी प्रायोगिक आदेश मागा. त्यावर हरकती व सूचना मागवून अंतिम आदेश काढण्याची पद्धत आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस वाहने वगळण्याचा उल्लेख मसुद्यात तुम्हीच करा, आणि डंपरसाठी पर्यायी मार्ग नकाशावर दाखवा. पर्यायाशिवाय आलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. फलक लावण्याच्या खर्चासाठी पथ विभागाला प्रत द्या.

कलम २१० ची रेषा अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आखतात. तुमच्याकडे मधला रस्ताच नाही, त्यामुळे कलम १२६ शिवाय गत्यंतर दिसत नाही. इथे एक बारकावा आहे: गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कलम १२७ मधल्या ‘पावले उचलणे’ याचा अर्थ कडक लावला, नुसते ठराव आणि पत्रव्यवहार त्यात बसत नाहीत. तेव्हा माहिती अधिकारात खरेदी सूचनेची आवक तारीख आणि भूसंपादनाचा प्रस्ताव शासनाकडे गेला की नाही, एवढे दोनच मुद्दे विचारा. मालक टीडीआर घ्यायला तयार आहे का, हेही त्याला सरळ भेटून विचारा. अशा पट्ट्यांत बहुतेकदा अडते ते मोजणी आणि सातबाऱ्यावरच्या वारसांच्या नोंदींपाशी. ती कागदपत्रे आधी पाहून इथे लिहा, म्हणजे पुढचे सांगता येईल.