मदत हवी आहे : सेंट्रल एसीची हवा वरच्या मजल्यावर पोहोचत नाही

वाळ्याचा_पडदा : नमस्कार. गेल्या चार दिवसांपासून आमच्या वरच्या मजल्यावर एसीची हवा जवळजवळ येतच नाही. थर्मोस्टॅट ७४ फॅरनहाइटवर आहे, यंत्र दिवसरात्र चालू आहे, तरी वरच्या खोल्यांतील तापमान ८३ च्या खाली उतरत नाही. काल आलेल्या टेक्निशियनने दहा मिनिटांत पाहणी आटोपली आणि संपूर्ण यंत्रणा बदलावी लागेल असे सांगून ११ हजार डॉलरचा अंदाज हातात ठेवला. नाशिकहून आलेले आईवडील वरच्याच खोलीत राहतात, त्यामुळे फार वेळ नाही. यंत्रणा बदलावी की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

चौकस : डॉलरच्या उल्लेखावरून अमेरिका ओळखली, पण बाकी काहीच कळत नाही. घर कोणत्या भागात आहे, किती जुने आहे आणि दोन मजल्यांना मिळून एकच यंत्र आहे की दोन? शिवाय ‘हवा येत नाही’ याचे दोन अर्थ होतात. झोतच कमी आहे, की झोत पुरेसा असून हवा गार नाही? टेक्निशियनने नेमका कोणता बिघाड सांगितला?

पर्वतीपायथा : गॅस संपला असणार. आमच्या पुण्यातील स्प्लिट एसीत दर दोन वर्षांनी गॅस भरून घ्यावा लागतो. माझे मत विचाराल, तर हे सेंट्रल प्रकरणच काढून टाकून प्रत्येक खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवावा.

वाळ्याचा_पडदा : डॅलसच्या उत्तरेला राहतो. घर २००६ चे आहे आणि चार टनांचे एकच यंत्र छपराखालच्या अ‍ॅटिकमध्ये आहे. झोतच कमी आहे. व्हेंटसमोर (खोलीत हवा येण्याच्या जाळीसमोर) हात धरला तर जेमतेम जाणवतो. ‘यंत्र जुने झाले’ यापलीकडे त्याने कारण सांगितले नाही. फिल्टरची शंका नको, अडीच महिन्यांपूर्वीच बाजारातील सर्वांत चांगला फिल्टर बसवला आहे. वर अधिक हवा जावी म्हणून खालचे सहा व्हेंटही बंद केले आहेत.

मोजपट्टी : ‘सर्वांत चांगला’ म्हणजे बहुधा एक इंच जाडीचा, मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर असावा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो याचे माप). तो बारीक धूळ अडवतो हे खरे, पण एक इंचाच्या चौकटीत कापडाचे क्षेत्रफळ थोडे असल्यामुळे तो हवेलाही अडवतो, आणि अडीच महिन्यांची धूळ बसल्यावर तर अधिकच. एका टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवरून, जावी लागते, म्हणजे तुमच्या यंत्राला १६०० घनफूट हवी. रिटर्नच्या, म्हणजे घरातील हवा यंत्राकडे परत जाण्याच्या, बाजूने फिल्टर तुंबलेला आणि पुढच्या बाजूने सहा व्हेंट बंद, अशा स्थितीत ब्लोअरने (यंत्रातील पंख्याने) एवढी हवा आणायची कोठून? अ‍ॅटिकमध्ये यंत्राला जोडलेल्या दोन तांब्याच्या नळ्यांपैकी जाड नळी पाहून तीवर बर्फ आहे का, ते कळवावे.

एडिसनकर : व्हेंट बंद करण्याविषयी असहमत आहे. आम्ही न्यू जर्सीत १५ वर्षे उन्हाळ्यात तळघरातील व्हेंट बंद ठेवत आलो आहोत आणि वरच्या खोल्या उत्तम गार होतात.

मोजपट्टी : तळघरातील दोन व्हेंट आणि अख्ख्या मजल्यावरचे सहा व्हेंट यांत फरक आहे. व्हेंट बंद केला म्हणून त्याच्या वाट्याची सगळी हवा वर जात नाही. डक्टमधला (हवा नेणाऱ्या नळातला) दाब वाढतो, सांध्यांतून गळती वाढते आणि कॉइलवरून जाणारी एकूण हवा घटते.

वाळ्याचा_पडदा : नळीवर पांढरा बर्फ आहे आणि यंत्राच्या पेटीच्या कडेलाही दिसतो. म्हणजे गॅसच कमी ना?

पर्वतीपायथा : मी पहिल्यांदाच सांगितले होते.

मोजपट्टी : बर्फ दोन्ही कारणांनी धरतो. हवा कमी मिळाली की कॉइल गोठणबिंदूखाली जाते, बर्फ हवेची वाट आणखी बंद करतो आणि मग आणखी बर्फ साचतो. गॅस मात्र मोटारीच्या पेट्रोलसारखा वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता दर दोन वर्षांनी भरत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. येथे ते काम ईपीएचे (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे) प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच करायचे असते. तूर्त कूलिंग बंद करून फॅन ‘ऑन’ वर ठेवावा, बर्फ खरवडू नये आणि खालच्या ट्रेमधून पाणी नीट वाहून जात आहे का, यावर लक्ष ठेवावे. नंतर मर्व्ह ८ चा फिल्टर बाण यंत्राच्या दिशेने ठेवून बसवावा, सर्व व्हेंट उघडावेत आणि कूलिंग सुरू करून अर्ध्या तासाने रिटर्न व व्हेंट येथील तापमान मोजावे. फरक १६ ते २२ अंशांच्या आसपास असावा.

वाळ्याचा_पडदा : बर्फ वितळायला सहा तास लागले. जुना फिल्टर मर्व्ह १३ चाच होता आणि राखाडी गादीसारखा झाला होता. आता रिटर्न ७७, व्हेंट ५९. वरच्या दोन खोल्यांत झोत चांगला येतो, मात्र आईवडिलांच्या खोलीत अजून क्षीणच आहे.

चौकस : त्या खोलीचे दार बंद असते का? खोलीत स्वतंत्र रिटर्न नसेल, तर आलेल्या हवेला परतायला वाट उरत नाही. दार उघडल्यावर व्हेंटसमोर धरलेला टिश्यू पेपर अधिक फडफडला, तर दाराखाली फट वाढवावी.

वाळ्याचा_पडदा : दार उघडूनही फरक पडला नाही.

मोजपट्टी : मग त्या खोलीच्या डक्टकडे पाहावे. टेक्सासमध्ये अ‍ॅटिकमधून बहुतेक लवचीक डक्ट नेलेले असतात. ते चेपले, मुडपले किंवा लोंबले की झोत मरतो. दुपारी तेथे १२० अंशांवर तापमान जाते, म्हणून पहाटे चढावे आणि पाय लाकडी तुळयांवरच ठेवावा, अन्यथा छत फुटेल.

वाळ्याचा_पडदा : सकाळी सहाला चढलो. सांगायला संकोच वाटतो, पण मागच्या गणपतीच्या मखराचे दोन मोठे खोके मीच त्या डक्टवर ठेवले होते आणि डक्ट पोळीसारखा चपटा झाला होता. खोके गॅरेजमध्ये नेले आणि डक्ट हाताने गोल केला, पण एके ठिकाणी आतली तार वाकलेली राहिली आहे, तेवढा भाग बदलून घेणार आहे. दुपारी तीनला त्या खोलीत ७६ होते. अंदाज देणाऱ्या टेक्निशियनला नको म्हणून कळवले.

मोजपट्टी : छान झाले. आठवडाभर ती जाड नळी रोज पाहत राहा. नव्या फिल्टरनंतरही बर्फ परत दिसला, तर गॅसची गळती तपासायला माणूस बोलवावा, तोवर नाही.

एडिसनकर : आता सगळे सुरळीत झालेच आहे, तर खालचे दोनच व्हेंट बंद करून काय होते ते एकदा पाहावे.