जुन्या आउटबोर्डचा (होडीच्या मागे लावलेल्या मशीनचा) करंट तापल्यावर जातो. सीडीआय (प्लगला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) घेण्यापूर्वी काय तपासावे?

सारसोळेची_होडी
सर्वांना नमस्कार. नेरुळच्या सारसोळे जेट्टीवर आमची फायबरची लहान होडी असते. तिला २५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे, जुने टू-स्ट्रोक मशीन आहे, जे दोरीनेही सुरू होते आणि किल्लीनेही. थंड असताना ते सहज सुरू होते, परंतु वाशीच्या पुलापर्यंत जाऊन परत फिरेपर्यंत तापले की एकही आचका न देता गप्प होते. त्या वेळी दोन्ही प्लगांना करंट नसतो आणि तासाभराने तेच मशीन काही घडलेच नाही अशा थाटात चालू लागते. मिस्त्रींनी प्लग बदलून पाहिले असून आता ते सीडीआय गेला असे म्हणतात. १ जूनपासून मासेमारीबंदी असल्यामुळे होडी वर ओढलेली आहे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दुरुस्तीला सवड आहे. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये आहे.

ऐरोली_फोरस्ट्रोक
जुन्या टू-स्ट्रोकवर पाच हजार काय, पाचशेही घालू नयेत. मी गेल्या वर्षी नवे फोर-स्ट्रोक घेतले. त्यात तेल मिसळण्याची कटकट नाही, धूर नाही, आणि फ्लेमिंगो पाहायला आलेले पाहुणे होडीत बसून एकमेकांशी हळू आवाजात बोलू शकतात. किंमत लाखांत जाते, हे मान्य आहे, पण ती एकदाच जाते.

घोडबंदरचा_काठ
माझेही मशीन असेच बंद पडत होते आणि नवा सीडीआय बसवताच ठीक झाले, त्यामुळे आपले मिस्त्री बरोबर बोलत आहेत. सोबत बॅटरीही बदलावी, कारण बॅटरी कमजोर असली की करंटही कमजोर येतो. प्लग घेताना एनजीके कंपनीचा मोठ्या आकड्याचा घ्यावा, म्हणजे तो गरम राहतो आणि त्यावर काजळी धरत नाही.

तांब्याची_तार
वरील प्रतिसादातील दोन गोष्टींशी मी असहमत आहे. एनजीकेच्या प्लगांत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, त्यामुळे काजळीला कंटाळून आकडा वाढवला तर काजळी वाढेलच. दुसरे असे की, दोरीने सुरू होणाऱ्या अशा मशीनचा करंट सहसा बॅटरीतून येत नाही. फ्लायव्हील म्हणजे मशीनसोबत फिरणारे जड चाक. त्यातील चुंबक स्टेटरच्या, म्हणजे त्याखालच्या स्थिर भागाच्या, चार्ज कॉईलवरून फिरतात, त्यातून निर्माण झालेली वीज सीडीआयमध्ये साठते आणि ट्रिगर कॉईलने इशारा दिला की इग्निशन कॉईलमार्गे प्लगला जाते. बॅटरी काढून ठेवली तरी असे मशीन चालते. मात्र मशीन चालू असताना बॅटरीची तार काढू नये. त्याने रेक्टिफायर, म्हणजे बॅटरी चार्ज होण्यासाठी वीज एकाच दिशेने वळवणारा भाग, जळू शकतो.

आता मूळ प्रश्न. दोन्ही सिलिंडरांचा करंट एकदम जातो, याचा अर्थ दोष दोघांना सामाईक असलेल्या भागात आहे. त्यात सीडीआय येतो, चार्ज कॉईल येते, काही मशीनांत दोन्ही प्लगांना मिळून असलेली एकच इग्निशन कॉईल येते, आणि सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत शेवटी आठवणारी गोष्ट, म्हणजे मशीन बंद करणारी तार. या मशीनमध्ये किल्ली बंद केल्यावर किंवा मनगटाला बांधलेली सुरक्षादोरी ओढली गेल्यावर ही तार अर्थला, म्हणजे मशीनच्या धातूच्या अंगाला, जोडली जाते आणि करंट मरतो. तिचे आवरण कुठे सोलले असेल किंवा किल्लीच्या स्विचमध्ये खारे पाणी शिरले असेल, तर कोणी न सांगताच मशीन बंद होते. म्हणून सीडीआयजवळ ही एकच तार सोडवून, तिचे टोक टेपने झाकून मशीन चालवून पाहावे. त्यानंतर करंट टिकला तर एक रुपयाचाही सुटा भाग घेण्याची गरज नाही. मात्र या अवस्थेत किल्ली आणि सुरक्षादोरी दोन्ही निकामी असतात, त्यामुळे ही चाचणी खाडीत मुळीच करू नये. मशीन घट्ट बांधून, पंखा काढून, खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून करावी, आणि बंद करण्यासाठी चोक ओढावा.

दिवाळे_बंदर
तार वगैरे ठीक आहे, परंतु तापल्यावर जाणे आणि थंड झाल्यावर येणे ही चार्ज कॉईलची सवय आहे. आतली बारीक तार तापून फुगली की तुटका भाग विलग होतो आणि थंड झाला की पुन्हा टेकतो. कॉईल थंड असताना मल्टिमीटर लावला तर रोध बरोबर दिसतो आणि मिस्त्री फसतो. म्हणून मशीन बंद पडताक्षणीच मोजावे. फ्लायव्हील काढायचे झाल्यास पुलर (चाक ओढून काढायचे हत्यार) वापरावा, हातोडा मारू नये, कारण आमच्या शेजाऱ्याच्या मशीनचे चुंबक असेच निखळले आणि मग मुंबईत दारूखान्याच्या भंगारबाजारात जुने फ्लायव्हील शोधत फिरावे लागले. आमच्या बंदरावर वायरिंगची दैना पाहायची असेल तर कधीही यावे. बाहेरून तार धडधाकट दिसते, पण थिंबलजवळ (तारेच्या टोकाला दाबलेल्या जोडणीजवळ) आवरण चिरले की आत तांबे नसतेच. काळी भुकटी असते आणि ती बोटाला लागते. म्हणून कलई केलेल्या तारेचाच संपूर्ण नवा जुडगा घालावा.

घोडबंदरचा_काठ
प्लगच्या आकड्याबद्दल माझा अनुभव वेगळा आहे आणि मी तो बदलणार नाही. बाकी चार्ज कॉईल तपासावी, असे मलाही वाटते, आणि वायरिंगही बदलावे.

तांब्याची_तार
अनुभवाबद्दल वाद नाही. मशीनच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांकच घ्यावा. करंट पाहण्यासाठी प्लग हातात धरून दोरी ओढू नये. सिलिंडरच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी पडते. चिमटा असलेला टेस्टर ब्लॉकला नीट अर्थ करून वापरावा. प्लगची तार मोकळी लोंबकळत ठेवली तर चांगला सीडीआयही दगावू शकतो.

सारसोळेची_होडी
सर्वांचे आभार. ती तार सोडवून मशीन पिंपात चालवले. ते पूर्ण तापले, तरी बंद पडले नाही. मग तार पुन्हा जोडून जुडगा हाताने थोडा थोडा हलवत गेलो, तेव्हा सिलिंडर हेडच्या बाजूने किल्लीकडे जाणारा भाग दाबताच मशीन विझले. टेप सोलल्यावर दिसले की, तारेचे आवरण उष्णतेने मऊ होऊन पकडपट्टीच्या कडेवर नखभर कापले गेले आहे आणि तेथे पट्टीही घासून चकचकीत झाली आहे. सीडीआय घेणार नाही.

संपूर्ण जुडगाही बदलणार नाही. किल्ली, स्टार्टर आणि बॅटरी काढून टाकून मशीन केवळ दोरीवर ठेवायचे आणि सुरक्षादोरीसह एकच लाल बटण मशीनवरच बसवायचे, असे मी ठरवले आहे. तारा जितक्या कमी, तितकी खाऱ्या पाण्याला जागा कमी.

दिवाळे_बंदर
हे योग्य नाही. वाऱ्यात, भरतीच्या ओढीत, दमलेल्या हाताने दोरी ओढावी लागेल तेव्हा किल्लीची आठवण येईल. कापलेल्या जागी आत डिंक असलेली उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घालून भागले असते.

तांब्याची_तार
मीही किल्ली ठेवली असती. तरीही काढणारच असाल, तर स्टार्टरची जाड तार दोन्ही टोकांकडून पूर्ण काढावी, अर्धवट कापून ठेवू नये. गिअर लागलेला असताना दोरी ओढली जाऊ नये म्हणून असलेला अडसर चालू आहे ना, हेही पाहावे, कारण आता सगळे त्याच्यावरच आहे. नवे बटण प्रत्येक वेळी जेट्टीवरच दाबून मशीन बंद होते की नाही याची खात्री करावी.

ऐरोली_फोरस्ट्रोक
माझे फोर-स्ट्रोक किल्लीनेच सुरू होते.

घोडबंदरचा_काठ
काढलेला स्टार्टर विकणार असाल तर कृपया दातांचा फोटो टाकावा. माझ्या मशीनला चालत असेल तर मी घेईन.