प्रेप डे-स्कूल अकराव्या वर्षी संपावी की तेराव्या?

थेम्सकाठ:
इंग्लंडमधल्या खासगी प्रेप डे-स्कूलनी (पुढच्या माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठी मुलं तयार करणाऱ्या, रोज घरून जायच्या शाळा) तेराव्या वर्षापर्यंत मुलं ठेवण्याचा हट्ट सोडावा. तेरा हे वय बोर्डिंगवाल्या पब्लिक स्कूलच्या (नाव पब्लिक, पण खासगी, फी घेणाऱ्या माध्यमिक शाळा) प्रवेशाचं. त्यांना लॅटिन येणारी मुलं हवी होती, ती तयार करायला प्रेप शाळा निघाल्या आणि १९०४ मध्ये कॉमन एन्ट्रन्स ही सामायिक प्रवेश परीक्षा आली. सरकारी शाळांत तर १९४४ च्या कायद्यानंतर माध्यमिक अकरापासूनच सुरू झालं. आता अनेक नामांकित शाळा इयर सिक्समध्येच (वय १०-११) संगणकावर प्री-टेस्ट घेतात: इंग्रजी, गणित, शाब्दिक आणि आकृत्यांचे तर्कप्रश्न. जागा तिथेच ठरते. मग पुढची दोन वर्षं कशाला?

जुनीपाटी:
बोर्डिंगचा मुद्दा अर्धाच खरा आहे. लंडनची सेंट पॉल्स जॉन कॉलेटने १५०९ मध्ये १५३ मुलांसाठी काढली, ती डे-स्कूलच. तिच्यासाठी मुलं तयार करायला १८८१ मध्ये सॅम्युअल ब्यूशर यांनी कॉलेट कोर्ट सुरू केली. म्हणजे संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलांसाठीही प्रवेशाचं वय तेराच होतं!
शिवाय प्री-टेस्टवर मिळालेली जागा बहुधा सशर्त असते. तेराव्या वर्षीच्या कॉमन एन्ट्रन्सचे पेपर एकच मंडळ काढतं, पण तपासते ती मुलाला घेणारी शाळा. शेवटची दोन वर्षं ढिली सोडली, तर ते तिथे लगेच दिसतं.

हिशेबनीस:
मोठ्या शाळेला जोडलेल्या प्रेपला तेराव्या वर्षापर्यंत वर्ग चालवणं परवडतं, एकट्या प्रेपला नाही. मुलींच्या शाळा अकराव्या वर्षी प्रवेश देतात, त्यामुळे मुलामुलींच्या प्रेपमधून मुली आधी जातात. समजा इयर सिक्समध्ये ३६ मुलं आणि इयर एटमध्ये (वय १२-१३) १४. लॅटिनच्या शिक्षकाचा पगार आणि प्रयोगशाळेचा खर्च तेवढाच राहतो. त्यात १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट. खरेदीवरचा व्हॅट शाळेला परत मिळतो, पण सगळ्यात मोठा खर्च पगाराचा, आणि पगारावर व्हॅटच नसतो, म्हणून परत येणारी रक्कम थोडीच.

जुनीपाटी:
वरचे वर्ग बंद केले की विज्ञान, फ्रेंच, लॅटिनच्या शिक्षकांचे तास निम्म्यावर येतात आणि ते दुसरीकडे जातात. मग नऊ-दहा वर्षांच्या मुलांनाही वर्गशिक्षकच सगळं शिकवणार. हे नुकसान हिशेबात धरा.

थेम्सकाठ:
तासांचा मुद्दा मान्य. पण एकट्या प्रेपबाबत माझं मत तेच आहे. लंडनला येणाऱ्या मराठी पालकांनी प्रवेशाआधी एवढं विचारावं: गेल्या तीन वर्षांत इयर सिक्सनंतर किती मुलं गेली, आणि तेराव्या वर्षी उरलेली कुठल्या शाळांत लागली?